लस जुनी की नवी?

शेतकरी बंधूंनो, 2021 साली कोरोनाची लस आली तेव्हापासून पारावर एक बोलणे हमखास ऐकू येते. "जुन्या लशी बऱ्या होत्या, ह्या नव्यांचा काय भरवसा?" विचारणे गैर नाही. पण जुने ते निर्धोक, हे ठरवले कोणी?

तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना पिसाळलेले कुत्रे चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आठवत असतील. डेव्हिड सेम्पल यांनी 1911 साली कसौलीला काढलेली ती लस. मेंढीच्या मेंदूत रेबीजचे विषाणू वाढवायचे, फेनॉलने मारायचे आणि तो मेंदूचा लगदाच पातळ करून टोचायचा. त्यामुळे काहींचे शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटायचे. लकवा व्हायचा, क्वचित माणूस दगवायचा. तरीही ती घ्यावी लागे, कारण रेबीजची लक्षणे दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. 2004 च्या अखेरीस देशात तिचे उत्पादन थांबले. आजची लस प्रयोगशाळेत पेशींवर वाढवतात. तिच्यात मेंदूचा अंश नाही आणि ती दंडात टोचतात. इथे नवीच सुरक्षित ठरली!

म्हणून नवे तेवढे सोने असेही आम्ही म्हणत नाही. कोव्हिशील्डनंतर अगदी थोड्यांना रक्ताच्या गुठळ्या झाल्या, एम-आरएनए लशीनंतर काही तरुणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली. दोन्ही गोष्टी नोंदल्या गेल्या आणि जाहीरही झाल्या. पुण्याच्या जिनोव्हाच्या एम-आरएनए लशीला जून 2022 मध्ये आणीबाणीची परवानगी मिळाली. असल्या लशींचा अनुभव थोड्या वर्षांचा आहे, हे खरेच. पण ती माणसाचे बीज बदलते, ही निव्वळ वावडी. एम-आरएनए हा पेशीला दिलेला निरोप असतो. तो पेशीच्या गाभ्यात शिरत नाही आणि थोड्याच दिवसांत विरून जातो.

खरी काळजी वेगळीच आहे. कोरोनाच्या लशीवरचा राग कुत्र्याच्या लशीवर निघू नये. उल्हासनगरच्या कॅम्पात, अंबरनाथ-बदलापूरच्या स्टेशनाबाहेर आणि आपल्या वाड्या-पाड्यांवर भटकी कुत्री काय कमी आहेत? चावले की जखमेवर चुना, मिरची, हळद भरू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर लशीबरोबर जखमेत टोचायचे सीरमही मागा.

सरपंच आणि ग्रामसेवकांना एक सांगणे आहे. कातडीत टोचायची लस पहिल्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची असते. पहिली तारीख शून्य धरून मोजायचे. भातकापणीच्या दिवसांत माणूस दोन टोचण्या घेतो आणि शेतावर निघून जातो. चावलेल्याचे नाव आणि या तारखा पंचायतीच्या वहीत लिहून ठेवा. आशाताईंना सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी त्याच्या दारात कोणीतरी उभे राहील.