हप्ता तोच ठेवा

२०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार वेळा उतरवला. फेब्रुवारीत ६.५० वरून ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५ टक्के. ज्यांचं गृहकर्ज रेपो दराला जोडलेलं आहे, त्यांचं व्याज त्यामागोमाग खाली आलं. तेव्हापासून आमच्या जेसल पार्कात एकच प्रश्न कानावर येतो. खाडीकाठच्या चौपाटीवर संध्याकाळी फिरणाऱ्या बायका तो एकमेकींना विचारतात, भाईंदर स्टेशनच्या वाटेवर तो निघतो आणि सोसायटीची मीटिंग संपल्यावर जिन्यात उभं राहूनही त्यावर चर्चा होते. व्याज कमी झालं, तर आता हप्ता कमी करून घ्यायचा की मुदत?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करून घ्या. जमेल तेव्हा, जमेल तेवढे पैसे वरून मुद्दलात भरा. मात्र घरच्यांच्या पोटाला चिमटा काढून हे करू नका. या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळता येतात, आणि त्या कशा सांभाळायच्या हे घराघरांत मोकळेपणाने बोललं जायला हवं, म्हणून आजचा हा लेख.

आधी हिशेब मांडू. तीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता येतो २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं जेमतेम ४,७८५ रुपये. वर्षभरात आपण तीन लाख बारा हजार भरतो, कर्ज मात्र साठ हजारांनीही कमी होत नाही. दहा वर्षं एकही हप्ता न चुकवता भरल्यावर डोक्यावर किती उरलेलं असतं? जवळजवळ एकवीस लाख! मुदत निम्मी संपते, पण मुद्दल निम्मं व्हायला चौदावं वर्ष उजाडतं. वीस वर्षांत तीस लाखांवर साडेबत्तीस लाख व्याज जातं.

यात बँकेने कुठे फसवलेलं नसतं. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला मुद्दल सगळ्यात मोठं असतं, एवढंच. पण म्हणूनच सुरुवातीला भरलेल्या वरच्या पैशाला खरा जोर असतो. वरच्याच कर्जात पहिल्या वर्षाअखेरीस एक लाख रुपये मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे अठरा हप्ते भरावे लागत नाहीत आणि व्याजाचे सुमारे तीन लाख सत्तर हजार वाचतात. तेच एक लाख दहा वर्षांनी भरले, तर वाचतात सव्वा लाखाच्या आसपास, आणि पंधरा वर्षांनी भरले तर पन्नास हजार. रक्कम तीच असते, फरक पडतो तो केवळ भरण्याच्या वेळेने.

दर उतरल्यावर हप्ता तसाच ठेवायचा आग्रह याच कारणाने धरायचा. नव्या तीस लाखांच्या कर्जाचा दर साडेआठवरून साडेसातवर आला, तर हप्ता २४,१६८ रुपयांवर येऊ शकतो. महिन्याला अठराशे-एकोणीसशे रुपये सुटले म्हणून बरं वाटतं. पण ते दूध-भाजीत विरघळून जातात, कळतही नाही. २६,०३५ चाच हप्ता चालू ठेवला, तर वीस वर्षांचं कर्ज सतरा वर्षांत फिटतं. खिशातून एक पैसाही जास्त न काढता तीन वर्षं वाचतात.

याची उलटी बाजू आमच्या घराने सोसली आहे. मे २०२० पासून रेपो दर चार टक्क्यांवर होता. मे २०२२ मध्ये तो चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. त्या काळात आमचा हप्ता होता तेवढाच राहिला, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. आमच्या बँकेने न विचारता मुदत वाढवून टाकली होती, हे खातेउतारा हातात आला तेव्हा कळलं. त्यातला मुद्दलाचा रकाना महिन्यागणिक आकसत गेलेला, आणि शेवटच्या हप्त्याची तारीख माझ्या नवऱ्याच्या निवृत्तीच्या पलीकडे सरकलेली. असा अनुभव देशभर अनेकांना आला. पावणेसात टक्क्यांनी घेतलेलं कर्ज सव्वानऊवर गेलं, की तीस लाखांवर महिन्याचं व्याजच २३,१२५ रुपये होतं. मूळ हप्ता होता २२,८११. म्हणजे हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही. अखेर १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने आदेश काढला. दर बदलला की कर्जदाराला त्याचा परिणाम कळवायचा, आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे त्याला निवडू द्यायचं. मधे केव्हाही काही रक्कम किंवा सगळं कर्ज फेडायची मुभाही द्यायची. हा हक्क आपला आहे आणि तो मागून घ्यावा लागतो.

जेसल पार्कात या विषयाला एक इतिहास आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बसत गेल्या. गिरगाव, लालबाग, परळच्या खोल्यांत दोन-दोन बिऱ्हाडं मावेनाशी झाली, तेव्हा मराठी माणूस वेस्टर्न लाइनवर दहिसरच्या पुढे सरकला. मिठागरांच्या कडेने उभ्या राहिलेल्या चार माळ्यांच्या इमारतींत त्याने वन आरके, वन बीएचके घेतली. माझे सासरे त्याच पिढीतले. तेव्हा गृहकर्जाचा दर चौदा-पंधरा टक्के आणि त्याहून वरही असायचा. थोडं कर्ज, थोडा फंड, पतपेढीतून काही, उरलेलं सासूबाईंच्या पाटल्या मोडून, असं ते घर झालं. त्यामुळे सासूबाईंचं मत आजही ठाम आहे : "आधी डोक्यावरचं उतरवा, हौसमौज मग." दर महिन्याला उरेल ती पै न् पै कर्जात टाकावी, असं त्यांना वाटतं. त्यांनी काय काय सोसलंय हे मला ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या या मतापुढे मी मान तुकवते. पण त्याचा दुसरा भागही मला मांडावासा वाटतो.

कर्जात भरलेला पैसा सहजासहजी परत मिळत नाही. जूनमध्ये मुलीची शाळेची फी, व्हॅन, वह्या-पुस्तकं आणि क्लास एकदम समोर येतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये चढतो. भाद्रपदात गावी जायचं असतं. सासूबाईंची औषधं तर बारमाही. अशा वेळी हाताशी काहीच नसलं, तर माणूस क्रेडिट कार्ड घासतो, आणि त्याचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला पस्तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात जातं. आठ टक्क्यांचं कर्ज फेडायला धावून चाळीस टक्क्यांच्या कर्जात पडणं हा घाट्याचाच व्यवहार.

म्हणून क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी सहा महिन्यांचा घरखर्च अधिक सहा हप्ते एवढी रक्कम बचत खात्यात किंवा सहज मोडता येईल अशा मुदत ठेवीत हवी. नोकरी गेली किंवा आजारपण आलं, तर हप्ता चुकू नये म्हणून. मग विमा. कमावत्या माणसाचा टर्म इन्शुरन्स किमान कर्जाची रक्कम आणि मुलांचं शिक्षण निघेल एवढा असावा. मेडिक्लेम कंपनीचा असला तरी घरचा स्वतंत्र असावा, कारण नोकरीबरोबर कंपनीचा जातो. त्यानंतर कार्डाचं, पर्सनल लोनचं महागडं देणं पुसून टाकायचं. हे सगळं झालं की मग गृहकर्जाकडे वळायचं, आणि तेव्हा मात्र टाळाटाळ करायची नाही.

फंडाला त्यासाठी हात लावू नये, असं माझं मत आहे. भविष्य निर्वाह निधीवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळालं. सुकन्या समृद्धीलाही त्या वर्षी ८.२ टक्के होतं. कर्जाच्या दराच्या बरोबरीने किंवा वर कमावणारा पैसा मोडून कर्ज फेडण्यात हशील नाही. पण गरजेपेक्षा जास्त पैसा साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत पडलेला असेल, त्यावर वर कर भरावा लागत असेल आणि दुसरीकडे आपण आठ टक्के व्याज देत असू, तर ती ठेव कर्जात टाकलेलीच बरी. शेअर बाजारातली एसआयपी दीर्घकाळात यापेक्षा जास्त देऊ शकते, हे मान्य. पण तिथे खात्री कुणी देत नाही, आणि वाचलेल्या व्याजाची खात्री शंभर टक्के असते. ज्यांना दोन्ही जमतं, त्यांनी दोन्ही करावं.

"कर्ज असू द्या, टॅक्स वाचतो," हा सल्ला आजही ऑफिसात मिळतो. तो जुना झाला. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट नाही. जुन्या प्रणालीत ती वर्षाला दोन लाखांपर्यंत आहे, पण तिथेही वीस टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस शंभर रुपये व्याज देतो तेव्हा वीस-एकवीस रुपयेच कर वाचवतो. उरलेले एकोणऐंशी गेलेच.

आमच्या घरी हे कसं चालतं, ते सांगते. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर फक्त दोन रकाने, महिना आणि शिल्लक मुद्दल. नेहमीच्या हप्त्याशिवाय दोन हजारांचा एक छोटा हप्ता आम्ही ठरवून टाकला आहे. वरच्या उदाहरणात सुरुवातीपासून महिना दोन हजार जास्त भरले, तर वीस वर्षांचं कर्ज पावणेसतरा वर्षांत फिटतं आणि सुमारे सहा लाख व्याज वाचतं. दिवाळीचा बोनस आला की तीन वाटे होतात : एक सणाला, एक जूनच्या फीसाठी आणि एक कर्जात. माझी भिशी लागते, तेव्हाही तेच. पगार वाढला की छोटा हप्ताही थोडा वाढतो. एखाद्या महिन्यात दवाखाना निघाला, तर तो भरत नाही, आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोल लावत नाही. मुलगी आता दहावीत आहे. कागदावरचा आकडा तिलाही दिसतो, आणि काही गोष्टींना आपण नाही का म्हणतो, हे तिला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या भागात आणखी एक कारण आहे. जेसल पार्कातल्या कितीतरी इमारती आता जुन्या झाल्या आणि पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. ज्या फ्लॅटवर बँकेचा बोजा आहे, त्याला पुनर्विकासासाठी बँकेची संमती लागते. शिल्लक कर्ज जितकं कमी, तितका हा रस्ता सोपा.

आता प्रत्यक्ष बँकेतलं काम. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर बँकांना मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्येच तो बंद केला. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांसाठी नवे, अधिक व्यापक निर्देशही आले आहेत. दर स्थिर असेल, तर करारनामा नीट वाचा. रक्कम भरताना लेखी द्या : मुदत कमी करावी, हप्ता तोच ठेवावा. ते लिहिलं नाही, तर आपल्या मनातलं बँकेला कळणार नाही. नंतर परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख सरकली का, ते स्वतः पाहा. ऑक्टोबर २०१९ च्या आधी बँकेकडून घेतलेलं कर्ज अजून जुन्या पद्धतीच्या दरावर अडकलेलं असेल, तर ते रेपोशी जोडून घ्यायला काय शुल्क पडेल, ते विचारा. गृहवित्त कंपन्यांना रेपोची जोडणी बंधनकारक नाही, म्हणून त्यांच्याकडच्या कर्जदारांनी आपला दर दरवर्षी तपासायलाच हवा. कर्ज पूर्ण फिटलं की घराची मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत मिळायला हवीत. उशीर बँकेच्या बाजूने झाला, तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सोसायटीच्या दप्तरातून बोजा काढून घ्यायलाही विसरू नका.

या रविवारी नवरा-बायकोने दोघांनी मिळून कर्जाचा खातेउतारा काढावा, एवढी माझी विनंती आहे. मुद्दलाचा रकाना पाहा आणि घरच्या कुणाच्याही गरजेला धक्का न लावता परवडेल असा एक आकडा ठरवा. तो लहान आहे म्हणून संकोच करू नका. वरच्या तीस लाखांच्या कर्जात पहिल्यापासून महिन्याला फक्त पाचशे रुपये जास्त भरले, तरी अकरा हप्ते कमी होतात आणि सुमारे एक लाख ऐंशी हजार रुपये घरात राहतात.