‘सिंघम’ला शिट्ट्या, पण न्यायाचं काय?
२०११ च्या ‘सिंघम’मध्ये शेवटी पोलीसच मिळून जयकांत शिक्रेला संपवतात अन् थिएटरात शिट्ट्या पडतात. असे सिनेमे धोकादायक संदेश देतात, असं २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल म्हणाले होते. कोर्टात तारखेवर तारीख पडते, म्हणून लोकांना झटपट न्याय हवासा वाटतो, हे खरंच. पण २०१९ मध्ये हैदराबादजवळ चार आरोपी चकमकीत मारले गेले, तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली गेली. २०२२ मध्ये सिरपूरकर आयोगाच्या अहवालाने पोलिसांची कहाणीच खोटी ठरवली. सिनेमात खलनायक कोण, हे आधीच ठाऊक असतं. गावातून संशयावरून उचललेलं पोरगं गुन्हेगारच आहे, हे कोर्टाशिवाय कोण सांगणार? मागणी लवकर निकालाची करू, गोळीची नको.