निसर्गाचा घसारा निधी

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात तेलाच्या काही विहिरींना सरकारदरबारी ‘अनाथ’ म्हटले जाते. जिची मालक कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि जिची जबाबदारी घ्यावयास कोणीही उरले नाही, ती अनाथ विहीर. शब्द करुण आहे, परंतु पुरता प्रामाणिक नाही. या अनाथांचे जन्मदाते दीर्घकाळ सुस्थितीत होते. तेल निघत होते तोवर नफा वाटला गेला, आणि विहीर आटली तेव्हाच त्यांना आपल्या अपत्याचा विसर पडला. आता दरवर्षी मे ते ऑगस्ट या उन्हाळी सुट्टीत तेथील विद्यार्थी फावडे, मोजपट्टी आणि नोंदवह्या घेऊन बंद पडलेल्या विहिरींच्या जागांवर उतरतात, आणि आधीच्या दोन पिढ्यांनी ओरबाडलेली जमीन पुन्हा जमीन म्हणण्याजोगी करण्याच्या कामाला हातभार लावतात.

हे काम हौशी श्रमदान नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. विहीर बुजविण्याचे काम तज्ज्ञांचे असते. आत सिमेंटचा बूच बसविला जातो, पोलादी नळी जमिनीखाली किमान एक मीटरवर कापून तिच्यावर झाकण चढविले जाते, तेल-क्षारांनी नासलेली माती काढून टाकली जाते. विद्यार्थ्यांचे काम त्यानंतरचे. ठिकठिकाणी खड्डे घेऊन सुपीक मातीचा थर किती जाडीचा आहे हे मोजायचे, अवजड यंत्रांनी माती दगडासारखी घट्ट झाली आहे काय हे पाहायचे, ठरावीक मापाची चौकट टाकून तिच्यातील रोपे मोजायची, तण उपटायचे, रोपे लावायची. शेजारच्या अस्पर्शित जमिनीवर हीच मोजमापे घेऊन तुलना केली जाते. शेत, गवताळ माळ आणि वन यांसाठी प्रांताने २०१० साली वेगवेगळे निकष ठरवून दिले आहेत. ते पूर्ण झाल्याखेरीज जमीन पूर्ववत झाल्याचा दाखला मिळत नाही. एरवी ज्या काटेरी तणाशी या मुलांची सर्वाधिक झुंज चालते त्याचे नाव ‘कॅनडा थिसल’, आणि ते मूळचे युरोपातून आलेले आहे! पाहुण्याने घरमालकाचे नाव लावावे, तसाच हा प्रकार.

कामात धोका आहे. जुन्या विहिरींच्या परिसरात हायड्रोजन सल्फाइड वायू असू शकतो. तो अल्प प्रमाणात कुजक्या अंड्यासारखा दर्पतो, पण प्रमाण वाढले की माणसाची घ्राणशक्तीच मरते आणि धोका कळेनासा होतो. म्हणून अशा ठिकाणी कामावर जाणाऱ्याला आधी सुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. मच्छरांचे थवे, खडीच्या रस्त्यांवरील लांबलांबचा प्रवास, दिवसभर वाकून मोजणी, हे सारे वेगळेच. याचे वेतन मिळते आणि पुढील सत्राचे शुल्क त्यातून भागते. पुस्तकात वाचलेले मृदाशास्त्र हातांच्या घट्ट्यांतून समजते, हा लाभ वेतनाहून मोठा म्हणावा लागेल.

येथवर कौतुक. परंतु विद्यार्थ्यांच्या हाती फावडे देण्याची वेळ का आली, हा प्रश्न कौतुकाच्या भरात निसटू देता कामा नये.

१३ फेब्रुवारी १९४७ रोजी एडमंटनजवळ लेडूक येथे तेल लागले आणि गव्हाच्या प्रांताचा तेलाचा प्रांत झाला. आजवर तेथे चार लाखांहून अधिक विहिरी खोदल्या गेल्या. मोठ्या कंपन्यांनी ताजे तेल उपसले आणि म्हाताऱ्या विहिरी लहान कंपन्यांना विकल्या. लहान कंपन्यांनी उरलेसुरले उपसले, आणि २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळताच त्यांतल्या कित्येकांनी हात वर केले. विहीर खोदतानाच ती बुजविण्याचा पूर्ण खर्च ठेव म्हणून घ्यावा, हा साधा व्यवहार प्रांताने केला नव्हता. रेडवॉटर एनर्जी ही अशीच एक छोटी कंपनी २०१५ साली बुडाली. धनको होती प्रांत सरकारच्याच मालकीची वित्तसंस्था. चांगल्या विहिरी विकून कर्जवसुली करावी आणि निरुपयोगी विहिरी वाऱ्यावर सोडाव्यात, असा तोडगा निघाला आणि खालच्या दोन न्यायालयांनी तो मान्यही केला. अखेर ३१ जानेवारी २०१९ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की, दिवाळखोराच्या मालमत्तेतून आधी जमिनीचे देणे फेडले जाईल, धनकोचे नंतर. निर्णय स्वागतार्हच होता. पण त्यानंतर सव्वा वर्षातच, एप्रिल २०२० मध्ये, तेथील केंद्र सरकारला तीन प्रांतांतील विहिरींच्या सफाईसाठी सुमारे १७० कोटी डॉलर सरकारी तिजोरीतून जाहीर करावे लागले. नफा भागधारकांचा आणि उकिरडा करदात्यांचा, असा हा हिशेब.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानववादावर चार व्याख्याने दिली. त्यांत त्यांनी एक अत्यंत व्यवहारी प्रश्न विचारला होता. यंत्र झिजते म्हणून कारखानदार घसारा निधी बाजूला काढतो, मग निसर्गाच्या झिजेसाठी तसा निधी कोणी काढावयाचा? पर्यावरण हा शब्द वृत्तपत्रांच्या मथळ्यांत येण्यापूर्वीचा हा काळ आहे. गाईचे दूध काढायचे ते वासराचा वाटा राखून, ही कल्पना आपल्या घराघरांत होती, तिलाच त्यांनी हिशेबाच्या वहीत आणून बसविले. अल्बर्टाने हा घसारा काढला नाही. तो आज तेथील मुलांच्या उन्हाळ्यातून आणि करदात्यांच्या खिशातून वसूल होत आहे.

आता आपल्याकडे वळू. दिग्बोईला तेल १८८९ साली लागले, अंकलेश्वरला १९६० मध्ये, मुंबई हायला १९७४ मध्ये. म्हणजे भारतातील तेलक्षेत्रेही आता वयात येऊन चांगलीच पोक्त झाली आहेत. आतापर्यंत हा उद्योग मुख्यत्वे राष्ट्रीय कंपन्यांच्या हाती राहिला, त्यामुळे मालक पळून जाण्याचा प्रश्न उद्भवला नाही. मात्र २०१५ च्या धोरणानुसार छोटी तेलक्षेत्रे लिलावाने खासगी उद्योजकांनाही देण्यात येऊ लागली. देशाचे तेल देशात निघावे यासाठी हे पाऊल योग्यच आहे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण अल्बर्टात अनाथांची पैदास झाली ती नेमकी छोट्या, अल्पभांडवली कंपन्यांच्या दारी, ही गोष्ट नजरेआड कशी करावी?

आपल्याकडे १९९९ पासून स्थळ-पुनर्स्थापना निधीची योजना आहे. तेल-वायू कंपन्यांनी भारतीय स्टेट बँकेतील विशेष खात्यात रक्कम ठेवावी आणि त्यावर आयकरात सवलत घ्यावी, असे तिचे स्वरूप होते. दीनदयाळजींच्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे की, ठेव ही केवळ सवलतीची बाब न राहता लिलावाची पूर्वअट असावी, आणि कोणत्या क्षेत्रासाठी किती रक्कम जमा आहे हे त्या गावच्या ग्रामसभेला वाचता यावे. २०२० मध्ये आसामातील बागजान येथे वायूविहीर भडकली. ती वापरातील विहीर होती, सोडून दिलेली नव्हे. तरीही दोन अग्निशमन जवानांचे प्राण गेले, हजारो माणसे घराबाहेर पडली आणि मे महिन्यात सुटलेला वायू नोव्हेंबरमध्ये आवरला. मागुरी-मोटापुंगच्या पाणथळीवर तेलाचा तवंग पाहिलेल्या गावकऱ्यांना जमिनीची झीज म्हणजे काय, हे व्याख्यानातून समजावून सांगावे लागणार नाही.

आणि विद्यार्थी? श्रमसंस्काराची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या छावणीत तरुणांच्या पिढ्या मे महिन्याच्या उन्हात राबल्या. १९६९ पासूनची राष्ट्रीय सेवा योजना महाविद्यालयांत रुजली आहे. परंतु सात दिवसांच्या शिबिरात रस्ता झाडून होतो, माती पूर्ववत होत नाही. मातीचे काम अनेक हंगाम चालते. तेव्हा मेहसाणा, अंकलेश्वर, शिवसागर, तिनसुकिया येथील कृषी आणि विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांना बंद विहिरींच्या जागांची कायमची जबाबदारी द्यावी, त्याचे श्रेयांक अभ्यासक्रमात धरावेत आणि वेतन त्या क्षेत्राच्या पुनर्स्थापना निधीतूनच द्यावे. २०२० च्या शिक्षण धोरणाने अशा प्रत्यक्षानुभवाला वाट करून दिलीच आहे. ‘विकासार्थ विद्यार्थी’सारख्या उपक्रमांतील कार्यकर्त्यांनी याची पहिली आखणी हाती घेण्यास हरकत नाही.

फक्त कॅनडाचे वेळापत्रक तेवढे उचलू नये. मे महिन्यातील मेहसाण्यात रोप जगणार नाही. तेथे उन्हाळ्यात मातीचे नमुने घ्यावेत, बांध-चर आटोपावेत आणि पहिल्या पावसानंतर लावणी करावी. आसामात मे ते सप्टेंबर पूर आणि चिखल. तेथील मुलांनी नोव्हेंबरमध्ये भातकापणी सुरू झाली की फावडी उचलावीत.