इंग्रजीच्या तासाला मराठी

पुंडलिकनगर-गारखेडा भागातील मराठी शाळांत इंग्रजीचा तास चालू असताना बाहेरून जाणाऱ्याच्या कानी बरेचदा मराठीच पडते. पालकांना हे खटकते, तपासणीला येणाऱ्यांनाही खटकते. इंग्रजी ही इंग्रजीतूनच शिकवावी, हा आग्रह आता इतका सर्वमान्य झाला आहे की त्याला हरकत घेणारा शिक्षक एकतर आळशी ठरतो किंवा अर्धशिक्षित. पंचवीसहून अधिक वर्षे दहावीला इंग्रजी शिकवूनही माझी त्याला हरकत आहे.

गेली अनेक वर्षे आमच्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या खंडानेच आले आहे. पाण्याच्या दिवशी पहिल्या तासाला वर्गातल्या मुली निम्म्याच असतात, हे येथल्या कुठल्याही शिक्षकाला ठाऊक आहे. अशाच एका दिवशी उशिरा आलेल्या मुलीने, पावसात चिंब होण्याचा आनंद सांगणारी इंग्रजी कविता ऐकून म्हटले, ‘‘सर, याच्या घरी नळाला रोज पाणी येत असणार. म्हणून नुसता पाऊस बघत बसलाय.’’ पदव्युत्तर वर्गात यालाच वाचकाची भूमिका वगैरे भारदस्त नाव मिळाले असते. चाचणीत त्याच मुलीने त्याच कवितेचे रसग्रहण लिहिले ते मात्र गाइडमधले: कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे, कविता मला फार आवडली. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, आशय हे सारे ठरलेले मुद्दे जागच्या जागी होते. तिला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले. तिने खरोखर केलेले रसग्रहण मराठीत होते, आणि त्याला गुणपत्रिकेत जागा नव्हती.

भाषेवरून भाषेत जाणे हे मराठवाड्याला नवे नाही. माझे वडील निजामी राजवटीत शिकले. त्यांनी इंग्रजी शब्दांचे अर्थ उर्दूतून पाठ केले. मी पाचवीत मुळाक्षरे गिरवली आणि तर्खडकरांच्या भाषांतरमालेच्या आधाराने पुढे सरकलो. (2000 पासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आली. गाइडांचा खप त्याने कमी झालेला मला तरी दिसला नाही.) ऐंशीच्या दशकात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शिकायला आलो तेव्हा आम्हा खेड्यातल्या पोरांना सर्वांत मोठा धक्का बसला तो हा, की इंग्रजीचे नामवंत प्राध्यापक भांडत होते ते मराठी साहित्यावरून. भालचंद्र नेमाडे येथल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवत आणि लिहीत मराठीत. त्याआधी मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे, तेही इंग्रजीचेच, अमेरिकेतून कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा विचार घेऊन आले आणि तो त्यांनी येथल्या तरुणांपुढे मराठीत मांडला. 1967 साली सुरू झालेल्या ‘अस्मितादर्श’च्या मागे ही चर्चाही होती. मराठीला इंग्रजीच्या तासाबाहेर उभे केले असते, तर हे कसे घडले असते?

पालकांची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. वाळूजच्या कंपनीत मुलाखतीला गेलेला मुलगा इंग्रजीत दोन वाक्ये बोलू शकला नाही, तर त्याला काव्याची जाण होती हे कोणी विचारत नाही. म्हणून हजेरी, सूचना, गोष्ट, गप्पा हे सारे मी इंग्रजीतच करतो, आणि मुले हसत-अडखळत का होईना, उत्तर देतात. कवितेचे मात्र तसे नाही. रवींद्रनाथांची 1912 ची इंग्रजी ‘गीतांजली’ स्वतः कवीने बंगालीतून आणलेली. ती वाचताना आतले बंगाली विसरा असे कोणी सांगत नाही. मग तीच कविता समजून घेताना पंधरा वर्षांच्या मुलीने आपली भाषा वर्गाबाहेर का ठेवावी?

माझी मागणी लहान आहे. रसग्रहणाच्या पाच गुणांतील एक गुण विद्यार्थ्याने स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या दोन ओळींना द्यावा: मराठी शाळेत मराठीत, उर्दू शाळेत उर्दूत. सहकाऱ्यांशी बोललो की एकच शंका निघते, या ओळी तपासायच्या कशा? त्यांचे उत्तर गाइडमध्ये छापलेले नसेल.