गुळवेलीचा पेला

विरारच्या एका भगिनींनी पत्राने विचारले आहे की, पावसाळा लागला, घरातील लहानथोर सर्वांना रोज सकाळी गुळवेलीचा काढा द्यावा काय? उत्तराआधी एक घरची हकीकत सांगतो.

2020 च्या टाळेबंदीत आमच्या वसईत भाजीच्या टोपलीतही गुळवेलीचे हिरवे तुकडे दिसू लागले होते. माझे मोठे बंधू कापडाचे व्यापारी. दुकान बंद, हाताला काम नाही. तेव्हा रोज सकाळी अर्धा पेला काढा घेणे हा त्यांचा नियमच होऊन बसला. तीन महिन्यांनी डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना उडाली. डॉक्टरांनी विचारले, "कोणती औषधे चालू आहेत?" वहिनींनी रक्तदाबाची गोळी सांगितली. काढ्याचे नाव कोणीच घेतले नाही. लपवायचे होते असे नव्हे. काढा हे औषध आहे, हेच कोणाच्या ध्यानी आले नाही. संसर्गजन्य काविळीच्या तपासण्या निर्दोष आल्यावर तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी खोदून विचारले, तेव्हा पेल्याची गोष्ट बाहेर आली. काढा बंद झाला आणि अडीच महिन्यांनी यकृताचे आकडे पूर्ववत झाले.

असे सर्वांचेच निभावले नाही. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या 6 रुग्णांत यकृताची इजा नोंदवली. त्यांतील एक महिला दगावली. 2021 मध्ये हा अहवाल प्रसिद्ध होताच आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वेल खरी गुळवेलच होती याची खातरजमा झालेली नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. पुढे 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांनी मिळून अशा 43 रुग्णांची माहिती मांडली. गुळवेल शरीराची प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून आपण ती घेतो. काही जणांत तीच चेतलेली शक्ती स्वतःच्या यकृतावर उलटत असावी, असे या डॉक्टरांचे म्हणणे आहे. लाखो लोकांनी काढा घेतला आणि त्यांना काही झाले नाही, हेही तितकेच खरे. पण आपण त्या लाखांत आहोत की त्या त्रेचाळिसांत, हे आधी कळत नाही.

यावरून गुळवेलीला दोषी ठरवावे असे मला मुळीच वाटत नाही. चरकाने बुद्धिवर्धक अशा चार मेध्य रसायनांत गुडूचीच्या रसाला स्थान दिले आहे. जुना ताप, अंगाचा दाह, वातरक्त यांत वैद्य ती पिढ्यान्‌पिढ्या देत आले. संशमनी वटी आणि अमृतारिष्ट ही तिचीच रूपे. गुळवेलीचे सत्त्व घरी करणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. खोड ठेचून पाण्यात कुस्करायचे, गाळायचे, पाणी निवळू द्यायचे आणि तळाशी बसलेला पांढरा साका सुकवायचा. दिवसभराच्या खटाटोपानंतर चिमूटभर पूड हाती लागे, आणि तीही वैद्य सांगेल त्यालाच, सांगेल तितके दिवस दिली जाई. पेला भरून साऱ्या घराला वाटण्याची रीत जुनी नव्हे.

ओळखीचा प्रश्न मात्र खराच आहे. बँकेत आम्ही ओळख पटल्याखेरीज खाते उघडत नसू. इथे आपण टोपलीतील कोणताही वेल उकळतो. आयुष मंत्रालयाने 2022 मध्ये सांगितलेली खूण सोपी आहे: खऱ्या गुळवेलीचे खोड हिरवट असते, त्यावर गाठीसारखे उंचवटे नसतात आणि तोडल्यावर दुधासारखा चीक येत नाही. तिच्या भावंडातील दुसऱ्या वेलीचे खोड करडे, खडबडीत असते आणि तिला चीक असतो.

व्यापारी वाचकांसाठी एक हिशेब. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या कातकरी तरुणांच्या संस्थेला वनधन योजनेतून मोठ्या कंपन्यांची 350 टन गुळवेलीची मागणी मिळाली. किंमत सुमारे 1 कोटी 57 लाख रुपये. म्हणजे किलोला जेमतेम 45 रुपये. आपल्या कपाटातील बाटलीवरची किंमत एकदा वाचून पाहावी.

आता आपल्या घरातील खरी अडचण. आमच्या बांनी ओली गुळवेल घरात कधी येऊ दिली नाही. "गळो अनंतकाय आहे, आपल्याला चालत नाही," एवढेच त्या म्हणत. पाठशाळेत जीवविचार पाठ केलेल्यांना आठवेल: तोडली तरी पुन्हा उगवणारी ती छिन्नरुहा, आणि त्या यादीत थोर, कोरफड यांच्यासोबत गळोही आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातही अनंतकायांत गुडूची येते. गंमत अशी की आयुर्वेदात गुळवेलीचे एक नावच छिन्नरुहा! झाडावर फेकलेला तुकडाही हवेत मुळे सोडून जगतो. ज्या चिवटपणासाठी वैद्य तिला अमृता म्हणतो, त्याच चिवटपणासाठी श्रावक तिच्यापासून हात आवरता घेतो. बंधूंच्या आजारानंतर घरात कोणी म्हणाले, "बा बरोबर होत्या." मला ते पटले नाही. बांचा नकार त्या अनंत जीवांसाठी होता, आमच्या यकृतासाठी नव्हे. त्यांच्या नियमाचा मान तेवढ्यावरच राखावा. सुंठ आणि सुक्या हळदीप्रमाणे वाळलेल्या गुळवेलीचे चूर्ण चालते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारावे.

तेव्हा भगिनी, घरातील सर्वांना आणि रोज, असे असेल तर नको. यकृताचा जुना विकार, आमवातासारखा प्रतिकारशक्तीचा आजार किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांच्या संमतीशिवाय थेंबही नको. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते, म्हणून तिथेही आधी विचारावे. वैद्यांनी दिलीच, तर मात्रा आणि दिवस कागदावर लिहून घ्यावेत. लघवी गडद झाली, भूक मेली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी थांबून यकृताची तपासणी करावी.

वहिनींनी आता बंधूंच्या फाइलीत पहिलाच कागद औषधांच्या यादीचा लावला आहे. त्यात रक्तदाबाच्या गोळीखाली 'काढा' असा रकाना आहे. सध्या तो रिकामा आहे, पण तपासणीला जाताना त्या तोही डॉक्टरांना दाखवतात.