पाहुणा, पासवर्ड आणि पंचवीस नंबरचं दार

होस्टेलच्या नोटीस बोर्डावर, मेसच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारी, फेब्रुवारीपासून एक नोटीस लागलेली आहे : 'गेस्ट वाय-फाय पुढील सूचनेपर्यंत बंद.' खाली सही आणि शिक्का. आपल्याकडे 'पुढील सूचना' म्हणजे काय असतं हे जुन्या मंडळींना सांगायला नको. जिमखान्यातल्या टेबल टेनिसच्या टेबलावरही अशीच एक पुढील सूचना दोन वर्षं बसून आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ही नोटीस काढावी, पाहुण्यांचं वाय-फाय पुन्हा सुरू करावं, आणि काही बंद करायचंच असेल तर त्यातलं एकच दार बंद करावं. कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांनी मधले दोन-तीन परिच्छेद ओलांडले तरी चालतील. मेकॅनिकल-सिव्हिलच्या मित्रांनी मात्र टिकून राहावं, कारण खरा फटका त्यांनाच बसला.

झालं असं. फेस्टला बाहेरच्या कॉलेजांच्या टीम आल्या. त्यांच्यासाठी गेस्ट वाय-फाय उघडलं. पासवर्ड सगळ्यांना एकच, तोही रजिस्ट्रेशनच्या टेबलावर स्केचपेनने लिहून चिकटवलेला. त्यातल्या कुठल्यातरी लॅपटॉपमधून स्वस्त औषधांचे आणि लागलेल्या लॉटरीचे मेल जगभर सुटले. आता आपलं कॅम्पस म्हणजे जुन्या पुणेरी वाड्यासारखं आहे. आत बिऱ्हाडं शेकड्यांनी, पण बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता एकच. एका भाडेकरूने दगड मारला की नाव वाड्याचं जातं. आपला आयपी पत्ता काळ्या यादीत गेला. प्लेसमेंट सेलचा जुना सर्व्हर याच पत्त्यावरून मेल पाठवतो, त्यामुळे एका कंपनीला पाठवलेली मेकॅनिकलची यादी बाउन्स झाली. ते कळेपर्यंत मुदत निघून गेली होती. मुलं वर्षभर ॲप्टिट्यूड घोकत बसली आणि त्यांची नावं कुणा अनोळखी लॅपटॉपमुळे पोचलीच नाहीत.

मग होस्टेलमध्ये चर्चा एकच : 'तो कोण होता, पकडा त्याला.' हे ऐकून मला हसू येतं. पकडून करणार काय? बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याला आपल्या मशीनमधून मेल जातायत याचा पत्ताच नसतो. ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग-एफ नावाचा वर्म आला, तो मेल पाठवायची यंत्रणा स्वतःसोबतच घेऊन फिरायचा. मालकाचा आउटलुक उघडा असो की बंद, त्याला फरक पडत नव्हता. पुढे अशा लाखो मशीनची टोळी बांधून ती भाड्याने देण्याचा धंदाच सुरू झाला. अशा टोळ्यांना हुकूम देणारे सर्व्हर अमेरिकेतल्या मकोलो नावाच्या एका होस्टिंग कंपनीत होते. नोव्हेंबर २००८ मध्ये तिची जोडणी तोडली, तेव्हा जगातला स्पॅम एका रात्रीत निम्म्याहून खाली आला. काही आठवड्यांनी तो पुन्हा चढला, ती गोष्ट वेगळी. सांगायचं एवढंच, की पाठवणारा हुकूम देऊन मोकळा होतो, कुठेतरी लांब बसलेला असतो. आपल्याकडे येतो तो फक्त त्याचा हमाल, आणि हमालालाही ओझं कसलं ते माहीत नसतं.

मेल इतक्या सहज सुटतात याचं कारण जुनं आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल पाठवण्याचे नियम लिहिले, तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, बरेचसे लोक एकमेकांना ओळखणारे. त्यामुळे संभाषण अगदी घरगुती ठेवलं. एक सर्व्हर दुसऱ्याचा २५ नंबरचा पोर्ट ठोठावतो, 'हेलो, मी अमुक' म्हणतो आणि पत्र देऊन जातो. ओळखपत्र दाखवा, असं कुणी विचारत नाही. एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला पत्र द्यायची पद्धत आजही मुळात हीच आहे.

पण तुम्ही-आम्ही सर्व्हर नाही. आपण मेल पाठवतो तेव्हा तो आधी आपल्या मेलवाल्याकडे जातो, आणि तिथे युजरनेम-पासवर्ड द्यावा लागतो. त्यासाठी डिसेंबर १९९८ मध्ये ५८७ हा वेगळा पोर्ट ठरवला गेला, २०१८ पासून ४६५ वापरावा अशी शिफारस आहे. ब्राउझरमध्ये जीमेल उघडलं तर तेही नाही, ते साध्या वेबसाइटच्या वाटेने जातं. म्हणजे पाहुण्याला मेल पाठवायला २५ नंबरची गरज शून्य. त्या दारातून बाहेर जाणारा पाहुण्याचा लॅपटॉप एकतर संसर्ग झालेला असतो, नाहीतर एखादा हौशी स्वतःचा मेल सर्व्हर चालवून बघत असतो. हौशी फार थोडे.

म्हणून उपाय असा : गेस्ट नेटवर्ककडून बाहेर, २५ नंबर, मनाई. फायरवॉलमध्ये ही एक ओळ आहे. नवीन खरेदी नाही, टेंडर नाही, कोटेशन नाही. (कदाचित म्हणूनच कुणाला सुचलं नसावं.) हा शोध माझा नाही. मोठ्या इंटरनेट कंपन्या घरगुती ग्राहकांसाठी हे कित्येक वर्षं करतायत. ब्राझीलने तर सगळ्या देशासाठी केलं. २००९ मध्ये स्पॅम ओतणाऱ्या मशीनच्या एका प्रसिद्ध यादीत ब्राझील पहिला होता. तिथल्या इंटरनेट समितीने सगळ्या कंपन्यांना एकत्र बसवून घरगुती जोडण्यांचा २५ नंबर बंद करून घेतला, आणि २०१३ पर्यंत तो देश त्या यादीच्या पहिल्या दहातही उरला नव्हता. एवढ्या मोठ्या देशाला जमलं ते चार मजली होस्टेलला जमू नये?

आता नोटिशीबद्दल. वाय-फाय बंद केल्याने पाहुणे यायचे थांबले का? नाही. शेजारच्या रूमवर एकाचे वडील लातूरहून आले, त्यांना परतीच्या एसटीचं रिझर्वेशन करायचं होतं आणि आपल्या जाड भिंतींत मोबाइलची रेंज येत नाही. पोराने आपला लॉगिन दिला. दुसऱ्याचा चुलतभाऊ एमपीएससीच्या परीक्षेला आला, चार दिवस राहिला, त्यालाही लॉगिन. एक माजी विद्यार्थी कागदपत्रांसाठी आला, त्याने तर दोघांचे घेतले. आणि आपला लॉगिन म्हणजे नुसतं नेट नव्हे. त्याच पासवर्डने लायब्ररी, परीक्षेचा फॉर्म आणि निकालाचं पानही उघडतं. उद्या त्या चुलतभावाच्या लॅपटॉपमधून दहा हजार मेल सुटले तर लॉगमध्ये नाव येणार आपल्या थर्ड इयर सिव्हिलच्या पोराचं, आणि रेक्टर सरांच्या केबिनबाहेर तोच उभा राहणार. बंदीने पाहुणा गेला नाही, त्याचं नाव तेवढं पुसलं गेलं. आधी निदान तो वेगळ्या खोलीत होता. आता तो घरच्या माणसाचे कपडे घालून स्वयंपाकघरापर्यंत आलाय.

प्रशासनाची भीती मला कळते, ती पोकळ नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांच्या जेमतेम आधी धमकीचा मेल गेला तो नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून. त्या घरातल्या माणसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पुढच्याच महिन्यात असाच एक मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून गेला. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याबद्दल सूचना काढल्या. तेव्हा 'कोण वापरतंय ते कळलं पाहिजे' ही मागणी रास्तच आहे. पण ओळख आणि स्पॅम हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्या मीटिंगमध्ये त्यांची भेळ होते. मोबाइलवर ओटीपी पाठवून आत घेतलं तर नंतर माणूस सापडेल. त्याच्या लॅपटॉपमधला वर्म ओटीपीला घाबरत नाही, मालकाने दार उघडलं की तोही मागोमाग आत येतो. ओळखीसाठी ओटीपी हवा, स्पॅमसाठी २५ नंबरची मनाई हवी. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

ओळखीची सोयही फार अवघड नाही. गेटवर वॉचमनकाकांच्या रजिस्टरमध्ये पाहुण्याचं नाव लिहिलंच जातं. तिथेच त्याला छापील चिठ्ठी द्यावी, तिच्यावर त्याच्यापुरता पासवर्ड, दोन दिवसांनी आपोआप मरणारा. स्केचपेनवाला सामाईक पासवर्ड पुन्हा नको. दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्यांसाठी एज्युरोम आहे : पाहुणा आपल्याच संस्थेचा लॉगिन वापरतो आणि जबाबदारीही त्याच्या संस्थेकडे राहते. युरोपात २००३ च्या सुमारास सुरू झालेली ही सोय भारतात अर्नेटमार्फत मिळते. आपल्याकडे ती कधी येईल ते येवो, चिठ्ठी तर उद्यापासून छापता येईल.

कॉम्प्युटर सेंटरसाठी तीन गोष्टी मुद्दाम लिहितो, कारण नुसती एक ओळ टाकून मोकळं झालं तर पुढच्या फेस्टला पुन्हा तेच होईल. पहिली, आयपीव्ही-सिक्स. तो चालू असेल तर त्यालाही हाच नियम लावायला हवा, नाहीतर पुढचं दार लावून मागचं सताड उघडं. दुसरी जास्त गंभीर. कॅम्पसमधला मेल सर्व्हर 'आतल्या' मशीनकडून पासवर्ड न विचारताच मेल घेतो. ही सवलत ठेवलीय झेरॉक्स-स्कॅनर मशीनसाठी, कारण त्यांना स्कॅन मेल करायचा असतो आणि त्यातल्या जुन्या मशीनना पासवर्ड देणं जमत नाही. पण गेस्ट नेटवर्कचे पत्तेही याच आतल्या मालिकेत मोडत असतील, तर पाहुण्याच्या वर्मला बाहेर जायची गरजच नाही. तो आपल्याच सर्व्हरच्या हातात पत्रं देईल आणि आपला सर्व्हर इमानदारीत जगभर वाटेल. सवलत त्या चार-पाच मशीनपुरती ठेवा आणि गेस्ट मालिका त्यातून वगळा. तिसरी, पाहुण्यांना बाहेर काढताना वेगळा आयपी पत्ता द्या. काळा झाला तर तो होईल, प्लेसमेंट सेलचा नाही.

या बंद दाराचा एक फायदा फुकटात मिळतो, आणि मला तो सगळ्यात आवडतो. कोणी ते ठोठावलं याची नोंद ठेवता येते. एखादा लॅपटॉप मिनिटाभरात पन्नास अनोळखी सर्व्हरांचा २५ नंबर ठोठावताना दिसला तर तो आजारी आहे हे जवळपास नक्की. एकही मेल बाहेर न जाता रोगी सापडतो. मग त्या पाहुण्याला शांतपणे सांगावं, 'भाऊ, मशीनमध्ये काहीतरी शिरलंय, साफ करून घे.' दंडाची भाषा नको. काळ्या यादीतून नाव काढून घेणं तसं सोपं असतं, विनंती केली की बहुधा निघतं. पण रोगी आतच राहिला तर नाव परत लागतं, आणि फेब्रुवारीत आपलं ते दोनदा लागलं.

'पण मग जीमेलवरून स्पॅम पाठवला तर?' असं मला मेसच्या रांगेत विचारलं गेलं. पाठवू दे. तो गूगलच्या सर्व्हरवरून जातो, आपल्या पत्त्यावरून नाही, आणि साध्या खात्याला तिथे दिवसाला पाचशेची मर्यादा आहे. सगळा स्पॅम थांबवायचा ठेका आपण घेतलेला नाही, आपलं अंगण साफ असलं की झालं. फायनल इयरच्या काही मित्रांचा आक्षेप वेगळा : प्रोजेक्टसाठी मेल सर्व्हर उभा करायचा असेल तर? रास्त आहे. त्यासाठी लॅबमधल्या एका मशीनला गाइडच्या सहीने सूट द्यावी. गेस्ट नेटवर्कवर बसून प्रोजेक्ट करणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

आता न आवडणारं बोलतो. हा नियम होस्टेलच्या नेटवर्कलाही लावायला हवा. पाहुण्यांचे लॅपटॉप घाणेरडे आणि आपले काय गंगेत न्हालेले आहेत? दुसऱ्या मजल्यावर एक पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं फिरतोय, त्यात प्रत्येक सॉफ्टवेअरचा क्रॅक आहे आणि क्रॅकसोबत आणखी काय काय आहे ते तो देणाऱ्यालाही ठाऊक नाही. फेब्रुवारीत गुन्हेगार बाहेरचा निघाला, म्हणून आपण साळसूद ठरत नाही.

मी सेंटरच्या सरांशी बोललो. ते म्हणाले, नियम पाच मिनिटांत टाकतो, पण होस्टेलकडून लेखी यायला हवं. रेक्टर सर म्हणाले, सेंटरकडून प्रस्ताव येऊ दे, मी लगेच सही करतो. दोघांचंही बरोबर आहे, त्यामुळे अर्ज मीच लिहिलाय. पहिल्या वर्षाच्या ॲडमिशनला पालक यायला लागतील त्याआधी तो आत जायला हवा. मेसच्या काउंटरवर, कूपनच्या डब्याखाली ठेवलाय. सही करताना ब्रँच आणि वर्ष लिहा, आणि कृपा करून त्यावर सांबार सांडू नका, मागची प्रत त्यातच गेली.