पालेभाजी खा, पण आणायची कुठून?

परवा रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीतील एक बाई दवाखान्यात आल्या. थकवा, जिना चढताना धाप, डोळ्यांसमोर अंधारी. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि नेहमीच्या सवयीने म्हणालो, "रोज पालेभाजी खात जा." त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, बाजार रविवारी, तोही गावात. रिक्षाला जाऊन-येऊन चाळीस रुपये. आमच्याकडच्या दुकानात कांदे-बटाटे तेवढे मिळतात." मला उत्तर सुचले नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालकांना रक्तक्षय आहे. आपण याला अज्ञान म्हणून मोकळे होतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खायच्या, तर चार माणसांच्या घरात दीड किलोहून अधिक लागतात. फ्रिज नसलेल्या घरात रविवारची मेथी मंगळवारी पिवळी पडते. मग उरलेले दिवस बटाट्याचा रस्सा आणि भाकरी. दोष अज्ञानाचा कमी, अंतराचा जास्त आहे.

यावरचा उपाय नवा नाही. शेतकऱ्याने थेट ग्राहकाला माल विकावा म्हणून १९८७ साली चंदीगडला 'अपनी मंडी' सुरू झाली. १९९९ मध्ये आंध्र प्रदेशात 'रयतु बाजार' आले. आपल्या राज्यानेही २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान हाती घेतले. प्रश्न आहे तो बाजार कोठे आणि केव्हा भरवायचा, याचा.

माझे म्हणणे असे, की मोठा बाजार आहे तेथेच राहू द्यावा. पण फाटकापलीकडे, शाळेच्या पटांगणात, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी ५ ते ८ छोटा बाजार भरवावा. मजुरीवरून परतणाऱ्या बायांना हीच वेळ सोयीची. जवळच्या खेड्यातील शेतकरी सकाळी काढलेला माल संध्याकाळी विकेल. अडत वाचेल, त्यामुळे दोघांनाही परवडेल. नगरपालिकेने दिवे, पाणी व झाडलोट पाहावी आणि पहिले वर्षभर बाजारकर घेऊ नये. वस्तीतल्या हातगाडीवाल्यांनाही तेथे जागा द्यावी. त्यांचे पोट मारून हे काम करायचे नाही.

केवळ बाजाराने रक्तक्षय जाईल, असे मात्र कोणी समजू नये. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मुदतभर घ्याव्यात, मध्येच सोडू नयेत. पालेभाजी व डाळीवर लिंबू पिळावे. त्यामुळे लोह अंगी चांगले लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. तासभर तरी थांबावे.

त्या बाई महिन्याने पुन्हा येतील. चिठ्ठीवर गोळ्या लिहिणे माझ्या हाती आहे. मेथीची जुडी त्यांच्या वस्तीपर्यंत पोहोचविणे नगरपालिकेच्या आणि आपणा सर्वांच्या हाती आहे. वाचकांनी आपापल्या नगरसेवकांकडे एवढी मागणी जरूर करावी.